अस्सल, नक्कल आणि चार लहान कार्डे

डिजिटल कॅमेऱ्यासाठी मेमरी कार्ड विकत घ्यावयास निघालेल्या नवशिक्याला आपल्याकडे जो पहिला उपदेश मिळतो, तो कॅमेऱ्याच्या दुकानात मिळो, छायाचित्रणाच्या वर्गात मिळो किंवा लग्नाच्या मांडवात घटकाभर उसंत मिळालेल्या एखाद्या अनुभवी व्यावसायिकाकडून मिळो, त्याचे शब्द बहुधा ठरलेले असतात: ‘१२८ जीबीचे एक मोठे कार्ड घेऊ नका, ३२ जीबीची चार घ्या, एक दगावले तरी तीन हाती राहतील.’ हा उपदेश इतक्या जणांनी इतक्या वेळा केला आहे की त्याची कधी काळी कोणी रुजुवात केली होती काय, हा प्रश्नही आता कोणाच्या मनात येत नाही. गेल्या महिन्यात आमच्या भागातील छायाचित्रप्रेमी मंडळींच्या बैठकीत, तीस वर्षे या व्यवसायात घालविलेल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी तोच उपदेश सविस्तर आणि सकारण मांडला. ऐकणाऱ्यांत कॉलेजातील मुले होती, नुकताच पहिला कॅमेरा घेतलेल्या दोन गृहिणी होत्या, लग्नाची कामे घेऊ लागलेले तीन-चार तरुण होते, आणि त्या सर्वांनी तो वहीत उतरवून घेतला. स्नेह्यांच्या अनुभवाविषयी मला आदर आहे, त्यांची कळकळ खरी आहे याविषयी तिळमात्र शंका नाही. परंतु जो उपदेश वहीत उतरला तो उद्या कार्डे घेताना पाळला जाणार, आणि परवा कोणाच्या तरी घरच्या कार्यात त्याचे फळ भोगावे लागणार, म्हणून त्याचा प्रतिवाद तितक्याच सविस्तरपणे करणे मला अगत्याचे वाटते.

स्नेह्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा. शहाणा माणूस घरातले सगळे दागिने एकाच डब्यात ठेवीत नाही. काही बँकेच्या लॉकरमध्ये, काही कपाटात, काही अंगावर अशी वाटणी करतो, म्हणजे चोराच्या हाती एक डबा लागला तरी घर धुऊन जात नाही. छायाचित्रांचेही तसेच करावे. शिवाय मोठ्या कार्डात तेवढ्याच जागेत अधिक माहिती दाटीवाटीने कोंबलेली असते, म्हणून ते नाजूक. बनावट माल निघतो तोही मोठ्या कार्डांतच अधिक. आणि मोठे कार्ड हाती आले की माणूस आळसावतो, महिनोन्महिने ते रिकामे करीत नाही, आणि एके दिवशी सर्वस्व गमावतो. यांतील शेवटचा मुद्दा बराचसा खरा आहे, तिसरा अर्धा खरा आहे, दुसरा चुकीचा आहे. पण पहिला, ज्याच्यावर ही सारी इमारत उभी आहे, तो मुळातच अस्थानी आहे, आणि म्हणून त्याचाच विचार आधी केला पाहिजे.

दागिन्याची नक्कल होत नाही. पाटल्यांचा तसाच एक जोड दुसऱ्या डब्यात असावा असे वाटले तर तेवढ्या वजनाचे सोने पुन्हा विकत घ्यावे लागते, आणि ते घेऊन घडविलेल्या पाटल्या आजीच्या हातातल्या पाटल्या होत नाहीत. जी वस्तू एकच आहे आणि एकच राहणार, तिच्या रक्षणासाठी वाटणीखेरीज दुसरा इलाज नसतो, म्हणून दागिन्यांच्या बाबतीत आपल्या आयाबायांनी जो शिरस्ता घातला तो यथार्थच होय. डिजिटल छायाचित्र मात्र दागिन्याच्या जातीचे नाही. ते दस्तऐवजाच्या जातीचे आहे. माझे आजोबा मामलेदार कचेरीत कारकून होते, आणि लहानपणी त्यांच्या तोंडून मी जे ऐकले त्यात नक्कल तयार करण्याचा विधी मला फार आवडे. अस्सल कागद समोर ठेवावयाचा, त्यावरून नक्कल उतरावयाची, मग एकाने अस्सल मोठ्याने वाचावयाचे आणि दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून शब्दन् शब्द ताडून पाहावयाचा, आणि फरक नाही अशी खातरजमा झाल्यावरच खाली ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा मारून ती निराळ्या दप्तरात रवाना करावयाची. एखाद्या खरेदीखताची पहिली दोन पाने या कपाटात आणि पुढची दोन त्या कपाटात ठेवून ‘आता आग लागली तरी निम्मे खत वाचेल’ असा बंदोबस्त कोणा कारकुनाने केला असता, तर तो कोणत्याही मामलेदाराने मान्य केला नसता, कारण निम्म्या खताने जमिनीचा हक्क शाबीत होत नाही हे कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक होते. कार्डातील छायाचित्राची नक्कल त्या कागदी नकलेहूनही निर्दोष असते. फिल्मच्या काळी फोटोवरून फोटो काढला की तो दर वेळी थोडा मळकट, थोडा अंधुक होई, परंतु येथे शेवटच्या बिटपर्यंत जे अस्सलात आहे तेच नकलेत उतरते, आणि अस्सल कोणते व नक्कल कोणती हे पुढे ओळखूही येत नाही. ज्या वस्तूची अशी नक्कल क्षणार्धात आणि जवळजवळ फुकट होऊ शकते, तिच्या रक्षणासाठी वाटणीवर विसंबणे म्हणजे हाती असलेले उत्तम साधन टाकून देणे होय.

हा उपदेश निराधार जन्मला असे मात्र मी म्हणत नाही. फिल्मचा रोळ ३६ छायाचित्रांचा असे, आणि तो धुऊन निघेपर्यंत त्याची प्रत काढण्याचा कोणताही मार्ग नव्हता. एक रोळ प्रयोगशाळेत जळाला, उजेड लागला, तर ती ३६ छायाचित्रे कायमची गेली. त्या काळचे जाणते छायाचित्रकार दोन कॅमेरे गळ्यात अडकवून एकच प्रसंग आळीपाळीने दोन्हींत टिपीत, ती वाटणीच होती आणि ती योग्यच होती. पुढे १९९९ मध्ये आयबीएमने मायक्रोड्राइव्ह नावाची वस्तू काढली. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाच्या आकाराच्या पेटीत एक इंचाची फिरती चकती बसविलेली, प्रथम १७० आणि ३४० मेगाबाइटची, पुढच्याच वर्षी १ जीबीची. त्या काळच्या फ्लॅश कार्डांच्या मानाने तिची धारणशक्ती मोठी होती. पण फिरती चकती ती, हातातून पडली की दगावण्याचे भय मोठे. तेव्हा ‘एका मोठ्यापेक्षा अनेक लहान बरी’ असे जे म्हणत, ते चकतीपेक्षा फ्लॅश बरी असे म्हणत होते, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. चकती गेली, तिचा आवाजही आता कोणाच्या स्मरणात नाही, परंतु तिच्यासाठी घडविलेले वाक्य मात्र जसेच्या तसे तोंडातोंडी चालत राहिले.

आता थोडा हिशेब. एखाद्या कार्यात एखादे कार्ड दगावण्याचा संभव शंभरांत एक आहे असे केवळ उदाहरणादाखल धरू. एकच मोठे कार्ड असेल तर शंभरांत एका कार्यात सर्व छायाचित्रे जातील. चार लहान कार्डे असतील तर त्यांपैकी कोणते ना कोणते दगावण्याचा संभव शंभरांत जवळजवळ चार होतो, आणि प्रत्येक वेळी पाव हिस्सा जातो. पुष्कळ कार्यांचा एकत्र ताळेबंद मांडला तर नुकसानीची सरासरी दोन्हीकडे तंतोतंत सारखी निघते. वाटणीने नुकसान कमी झाले नाही, ते फक्त लहान तुकड्यांत आणि चौपट वेळा वाट्याला आले. स्नेही म्हणतील, पाव गेले तरी पाऊण राहिले ना? हा प्रश्न कासच्या पठारावर फुलांची छायाचित्रे काढणाऱ्याने विचारला तर मी त्याला होकार देईन, कारण तेथे एक तेरडा गेला तरी शेजारचा दुसरा तेरडा उद्या भेटतो. पण लग्नात कोणता पाव हिस्सा गेला हे महत्त्वाचे असते. सप्तपदीचे कार्ड गेले आणि पंगतीची तीन राहिली, तर मुलीच्या आईला पाऊण लग्न वाचले असे कोणी सांगून पाहावे. याउलट तीच छायाचित्रे दोन कार्डांवर एकाच वेळी उतरत असतील तर दोन्ही एकदम दगावण्याचा संभव, दोहोंचा परस्परांशी संबंध नाही असे धरल्यास, शंभराव्या हिश्शाचा शंभरावा हिस्सा, म्हणजे दहा हजारांत एक.

परंतु हिशेबापेक्षा जे मी डोळ्यांनी पाहिले ते सांगणे अधिक उपयोगाचे होईल. माझ्या थोरल्या भाचीचे लग्न कराडला होते, आणि मामा या नात्याने मी तिच्या पाठीशी उभा होतो. अंतरपाटाच्या पलीकडे, नवऱ्या मुलाच्या डाव्या अंगाला, छायाचित्रकार आमच्याकडे तोंड करून उभा, म्हणून त्याचे हात मला स्पष्ट दिसत होते. मुलगा मेहनती होता आणि त्याने चार लहान कार्डांचा उपदेश निष्ठेने पाळला होता. भरलेली कार्डे शर्टाच्या उजव्या खिशात, कोरी डाव्या खिशात. शेवटचे मंगलाष्टक सुरू झाले तेव्हा त्याने कॅमेऱ्याच्या पाठीवरचा आकडा पाहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळले की कार्डात थोडीच जागा उरली आहे. आता बदलावे तर मध्येच अंतरपाट दूर होईल, न बदलावे तर ऐन वेळी कार्ड भरेल. त्याने न बदलण्याचे ठरविले. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, बँडने सूर धरला, आणि कॅमेरा पाच-सहा वेळा खटखटून थांबला. त्याने झाकण उघडले, भरलेले कार्ड दाबून बाहेर काढले, नवे बसविले, झाकण लावले. कॅमेऱ्याने कार्ड कुलूपबंद असल्याचा इशारा दिला. पुन्हा झाकण, पुन्हा कार्ड, नखाने ती बाजूची पट्टी वर सरकविणे, पुन्हा आत. तोपर्यंत दोन्ही हार पडलेले होते आणि भाची खाली मान घालून उभी होती.

त्या पट्टीविषयी दोन शब्द. एसडी कार्ड २४ मिलिमीटर रुंद, ३२ लांब आणि २.१ जाड, त्याच्या डाव्या कडेला जी चिमुकली सरकती पट्टी असते ती आतल्या परिपथाला जोडलेली नसते, कार्डाला स्वतःला ती वर आहे की खाली याचा पत्ताही नसतो. तिची जागा चाचपून पाहण्याचे काम कॅमेऱ्याच्या खाचेतील एक लहानसा स्पर्शक करतो. कार्ड शंभरदा आत-बाहेर केले की पट्टी सैल पडते, आणि मग आत सरकविताना खाचेच्या कडेला घासून ती आपोआप खाली येते. तसेच कार्डाच्या पाठीवर धातूच्या पट्ट्यांमधील जे बारीक प्लास्टिकचे कणे असतात तेही वारंवार काढ-घाल केल्याने तुटतात, आणि तुटलेला तुकडा कधी खाचेतच अडकून बसतो. कार्डातील माहितीचे कोश झिजून कार्ड मेले असे मी माझ्या परिचितांत फारसे पाहिलेले नाही. पट्टी, कणा, वाकलेले कवच, खिशातून पडणे, धुण्यात जाणे, ही मरणाची कारणे मात्र पुष्कळ पाहिली आहेत, आणि ही सर्व कारणे कार्ड कितीदा हाताळले यावर वाढतात. लहान कार्डांचा उपदेश हाताळणीच चौपट करतो.

कराडच्या लग्नाची कहाणी तेथे संपली नाही. आदल्या सायंकाळी सीमांतपूजन झाले होते, ते एका कार्डावर होते, आणि ते कार्ड उजव्या खिशात होते. लग्नाच्या धांदलीत, घाम पुसताना किंवा शर्ट बदलताना, दोन्ही खिशांची सरमिसळ झाली. दुपारी पंगतीच्या वेळी त्याने कोरे समजून तेच कार्ड घातले, नेहमीच्या सवयीने फॉरमॅट केले, आणि त्यावर जेवणाची छायाचित्रे भरली. सीमांतपूजनाचे एकही छायाचित्र राहिले नाही. माझे मेहुणे त्या दिवशी धोतर-उपरणे नेसून पाटावर बसले होते. तसे बसलेले ते पुन्हा कोणाला दिसावयाचे नव्हते, कारण पुढल्याच वर्षी ते गेले. त्या संपूर्ण कार्यात एकही कार्ड बिघडले नव्हते. ज्या संकटासाठी चार कार्डांची तजवीज केली होती ते संकट आलेच नाही. जे आले ते त्या तजविजीनेच आणले.

वाटणीचा दुसरा दोष याहून खोल आहे. चार कार्डे चार निरनिराळ्या ठिकाणी राहतात अशी कल्पना स्नेह्यांच्या युक्तिवादात गृहीत आहे, कारण दागिने लॉकर, कपाट आणि अंग अशा खरोखर निराळ्या ठिकाणी असतात. कार्डे राहतात एकाच पाकिटात, पाकीट एकाच बॅगेत, आणि बॅग लोकलच्या फळीवर. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले, तेव्हा नदीकाठच्या घरांतून कागदपत्रे, पोथ्या आणि फोटोंचे आल्बम चिखल होऊन गेले. आमचे चुलत घराणे नारायण पेठेत राहत असे. त्यांचे फोटो एकाच ट्रंकेत नव्हते. काही दिवाणखान्यात भिंतीवर, काही माजघरातल्या कपाटात, काही आतल्या खोलीतल्या पेटीत, अशी उत्तम वाटणी होती. पाण्याने तिन्ही खोल्या सारख्याच भरल्या. आज त्या घराण्यातील एकच जुने छायाचित्र शिल्लक आहे, काकूच्या लग्नातले, आणि ते वाचले याचे कारण एवढेच की त्याची एक प्रत काकूच्या माहेरी सोलापूरला टपालाने गेली होती. तीन खोल्यांतील वाटणीने जे साधले नाही ते सोलापूरच्या एका नकलेने साधले.

आता दाटीचा मुद्दा. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांच्या कल्पनेतून नँड जातीची फ्लॅश स्मृती १९८७ मध्ये जगापुढे आली. तीत माहिती म्हणजे विद्युतरोधक थराआड कोंडून ठेवलेला विद्युतभार. एका कोशात किती बिट मावतात, एक, दोन, तीन की चार, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते हे खरे. परंतु मोठे कार्ड करण्यासाठी कारखानदार प्रत्येक कोशात अधिक कोंबतोच असे नाही. तो बहुधा तशाच जातीच्या स्मृतिचिपा एकीवर एक अधिक रचतो. ३२ आणि १२८ यांतील फरक घराच्या खोल्या लहान होण्याचा नाही, मजले वाढण्याचा आहे. उलट मजले अधिक म्हणून नियंत्रक चिपला एकाच वेळी अनेक ठिकाणी लिहिता येते, आणि त्यामुळेच एकाच कंपनीच्या एकाच मालिकेत लहान कार्डाचा लेखनवेग मोठ्याहून कमी छापलेला पुष्कळदा आढळतो. झिजही मोठ्या कार्डात अधिक कोशांत वाटली जाते.

हा लेखनवेग कार्डाच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत सापडत नाही. तेथे १७० किंवा २०० असा जो आकडा असतो तो वाचनवेगाचा, तोही कंपनीच्या स्वतःच्या रीडरमध्ये मिळणारा, कारण यूएचएस-एक या प्रमाणाची शिस्तीतली मर्यादा सेकंदाला १०४ मेगाबाइट आहे. कॅमेऱ्याला वाचनाशी कर्तव्य नाही. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल सुमारे २८ मेगाबाइटची धरली आणि कॅमेरा सेकंदाला दहा वेळा खटखटला तर २८० मेगाबाइट कॅमेऱ्याच्या बफरमध्ये जमा होतात. बफर भरला की पुढचे छायाचित्र कार्ड जेवढ्या वेगाने लिहील तेवढ्याच वेगाने घेता येते. म्हणून पाहावयाची ती बारीक खूण: व्ही३० म्हणजे अखंड लिहिताना सेकंदाला किमान ३० मेगाबाइटची हमी, व्ही६० म्हणजे ६०, व्ही९० म्हणजे ९०. १०० मेगाबिटचा फोरके व्हिडिओ आठाने भागला की साडेबारा मेगाबाइट होतो, त्याला व्ही३० भरपूर पुरते. तेव्हा ज्याला अंतरपाट टिपावयाचा आहे त्याने ही खूण आणि कंपनीने छापलेला लेखनवेग पाहून कार्ड घ्यावे. या कसोटीवर लहान कार्डे घेणारा बहुधा मागेच पडेल.

बनावट मालाविषयी स्नेह्यांचा इशारा मी शिरोधार्य मानतो. ८ जीबीच्या कार्डातील नियंत्रकाला खोटे शिकवून तो १२८ सांगेल असे करतात; कॅमेरा विश्वास ठेवतो, आठ भरेपर्यंत सर्व ठीक दिसते, पुढचे सारे हवेत विरते. परंतु ३२ चे खोटे कार्डही तितक्याच सहज करता येते, आणि या दोहोंवर उपाय एकच आहे: पावतीसह, कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावे, आणि पहिल्या दिवशी एकदा ते काठोकाठ भरून, भरलेले परत वाचून रुजू घालावे. एच२टेस्टडब्ल्यू आणि एफ३ हे प्रोग्रॅम हेच काम करतात आणि फुकट मिळतात. १२८ च्या जागी विंडोज ११९ दाखवते म्हणून कोणी घाबरू नये. कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि संगणक १०२४ च्या पटीने, एवढाच तो फरक.

एक आक्षेप स्नेह्यांनी घेतला नाही, पण तो त्यांच्या बाजूचा सर्वांत बळकट आक्षेप आहे, म्हणून तो मीच मांडतो. कार्डाच्या आरंभी फाइलींची जी यादी असते ती बिघडली तर मोठ्या कार्डावरील साडेचार हजार छायाचित्रे एकदम नाहीशी झालेली दिसतात, लहानावरची अकराशेच. हे खरे आहे. परंतु यादी गेली म्हणून माल गेला असे होत नाही. त्या क्षणापासून कार्डावर एक अक्षरही न लिहिता ते बाहेर काढले, तर फोटोरेकसारखा फुकट प्रोग्रॅम कोशांतून छायाचित्रे हुडकून बरीचशी परत आणतो. नियंत्रक चिपच मेली तर मात्र घरच्या घरी इलाज नाही, आणि तेव्हा कार्ड ३२ चे होते की १२८ चे याने काहीही बिघडत किंवा सावरत नाही. दुसरी प्रत असली तरच सावरते.

राहिला आळस. मोठे कार्ड माणसाला आळशी करते हे मी मान्य करतो; सहा महिन्यांपूर्वीची गणेशचतुर्थी, मुलाचा वाढदिवस आणि परवाची सहल एकाच कार्डावर घेऊन फिरणारी माणसे माझ्या घरातच आहेत. पण त्यावर लहान कार्ड हे औषध नव्हे. आळशी माणूस लहान कार्ड भरले की नवे लहान कार्ड विकत घेतो, आणि जुनी टेबलाच्या खणात, चिठ्ठीशिवाय, एकमेकांवर पडून राहतात.

तेव्हा करावे काय? दोन स्लॉट असलेला कॅमेरा घेता येत असेल तर तो घ्यावा. निकॉनने २०१८ मध्ये झेड ६ आणि झेड ७ हे कॅमेरे एकाच स्लॉटचे काढले तेव्हा व्यावसायिकांनी केवढी ओरड केली, आणि २०२० मध्ये त्यांच्या दुसऱ्या आवृत्त्या दोन स्लॉट घेऊनच आल्या, यावरून या सोयीचे मोल कळेल. पण केवळ दोन स्लॉट असून भागत नाही. अशा कॅमेऱ्याच्या मेनूत साधारणपणे दोन पर्याय समोरासमोर असतात: ओव्हरफ्लो, म्हणजे पहिले भरले की दुसऱ्यावर जावे, आणि बॅकअप, म्हणजे प्रत्येक छायाचित्र दोहोंवर लिहावे. या लेखातील सारा वाद त्या दोन ओळींत आहे. कित्येक नव्या कॅमेऱ्यांत ही निवड मुळात ओव्हरफ्लोवर ठेवलेली असते, आणि चार कार्डांचा उपदेश ऐकून आलेला माणूस ती तशीच राहू देतो, कारण वाटणी झाली म्हणजे रक्षण झाले अशी त्याची समजूत करून दिलेली असते. दोन्ही कार्डे एकाच मापाची आणि एकाच वेगाची असावीत, नाहीतर वेगवान कार्ड संथ कार्डाच्या चालीने चालते आणि लहान कार्ड भरताच नक्कल थांबते. ज्याचा कॅमेरा एकाच स्लॉटचा आहे त्याने संपूर्ण कार्य मावेल एवढे मोठे, चांगले कार्ड घालावे, जेवणाच्या सुटीत ते लॅपटॉपवर उतरवावे, आणि दोन ठिकाणी प्रती झाल्याची रुजुवात होईपर्यंत ते फॉरमॅट करू नये. एक मोठे आणि एक त्याच मापाचे राखीव, याहून अधिक कार्डे त्याला लागत नाहीत. कासचा फुलवेडा आणि ताडोब्यात जीपमध्ये बसून वाघाची वाट पाहणारा यांनी दिवसाला एक कार्ड असे केले तर मी हरकत घेणार नाही, मात्र रात्री मुक्कामावर प्रत निघत असेल तर.

धाकट्या भाचीचे लग्न गेल्या मार्गशीर्षात सांगलीला झाले. या वेळी छायाचित्रकार ठरवितानाच मी त्यांना कार्डांविषयी विचारले. त्यांनी कॅमेरा उघडून १२८ ची दोन सारखी कार्डे आणि मेनूतील बॅकअपची ओळ दाखविली. सीमांतपूजनापासून वरातीपर्यंत झाकण एकदाही उघडले गेले नाही. रात्री साडेअकराला, सामान गाडीत चढत असताना, त्यांनी दुसऱ्या स्लॉटमधील कार्ड बाहेर काढले, त्याची पट्टी खाली सरकविली, ते एका लहान लिफाफ्यात घालून वर तारीख लिहिली आणि माझ्या हाती दिले, आणि मी त्याच रात्री ते पुण्यास आणले. पहिले सांगलीतच राहिले. सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी त्यांच्या संगणकावरचा आकडा मोठ्याने वाचला, मी माझ्या पडद्यावर बोट ठेवून ताडून पाहिला. तिकडे २,७१४, इकडे २,७१४.